आकडा मनगटावर, घाम कुणाच्या अंगावर?

दीड हजार रुपयांच्या स्मार्टवॉचचं खोकं एकदा नीट वाचा. हृदयाचे ठोके, रक्तातला ऑक्सिजन, झोप, ताण, पावलं, कॅलरी आणि शंभरावर खेळांचे ‘मोड’. मग तेच खोकं उलटं करा. मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे वैद्यकीय उपकरण नाही.

पुढची बाजू घड्याळ विकते. मागची बाजू कंपनीला वाचवते.

गिऱ्हाइकाला कोण वाचवतं?

वडूजला जा, विट्याला जा, नाहीतर साताऱ्यात राजवाड्याजवळ जा. मोबाइलच्या दुकानात कुणी ना कुणी पन्नाशीचा माणूस काउंटरवर हात पुढे करून उभा असतो. ‘दादा, बीपी बरोबर दावतंय न्हवं?’ ‘दावतंय की काका! ह्ये बघा, १२० आणि ८०.’ काका समाधानाने पैसे मोजतात आणि गोळ्यांची पट्टी खिशातच राहते.

इथे मला राग येतो.

रक्तदाब नीट मोजायचा तर दंडाला पट्टा आवळून रक्त क्षणभर अडवावं लागतं. स्वस्त घड्याळात पट्टा नसतो, हवाही नसते. ठोक्यांच्या लाटेवरून ते नुसता अंदाज बांधतं. त्या अंदाजाच्या भरवशावर एखाद्याने गोळी बंद केली तर जबाबदार कोण? दंडाला बांधायचं बीपीचं मशीन जवळजवळ तेवढ्याच पैशांत मिळतं आणि घरातल्या सगळ्यांना चालतं.

पण ते लग्नात मिरवता येत नाही.

साखरेचं तर याहून गंभीर. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं ऑनलाइन सर्रास विकली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना स्पष्ट बजावलं की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. चुकीचा आकडा बघून इन्सुलिन टोचून घेतलं, तर माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो.

घड्याळ मात्र त्याची ‘गाढ झोप’ म्हणून नोंद करील.

मग आत असतं तरी काय? घड्याळाच्या पाठीला एक हिरवा दिवा. तो कातडीवर प्रकाश टाकतो, रक्त थोडा प्रकाश शोषतं, उरलेला परत येतो. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परतणारा प्रकाशही बदलतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. युक्ती अस्सल आहे, विज्ञानही पक्कं आहे. पण दिवा स्वस्त, सेन्सर स्वस्त आणि गणितही स्वस्त असलं की काही घड्याळं केळ्यावर बांधली तरी ठोके दाखवतात.

केळ्याला हृदय नसतं, एवढं आपल्याला घड्याळाशिवाय कळतं.

पावलांचंही बघा. घड्याळ पाय मोजत नाही, हात मोजतं. आतला सेन्सर मनगटाचा झोका टिपतो आणि त्यावरून पाऊल पडलं असं धरून चालतो. औंधच्या डोंगरावर यमाईच्या मूळपीठाला एखादी बाई कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात ओटीचं ताट घेऊन चढते. तिचे दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे झोका नाही. तिची किती तरी पावलं हिशेबात येतच नाहीत. शिवाय स्वस्त घड्याळात उंची मोजायची सोय बहुधा नसते. डोंगर चढला काय आणि सपाटीवर चालला काय, त्याला सारखंच.

तीच बाई घरी येऊन परातीपुढे बसते. पीठ मळते, भाकरी थापते, तव्यावर टाकते. हात सारखा हलतो आणि घड्याळ पावलं मोजू लागतं.

चढण सोडून देणारा आणि भाकरीला चाल समजणारा हा कसला हिशेबनीस?

महाग घड्याळ घेतलं तरी कॅलरीच्या आकड्यावर विसंबू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली नावाजलेली सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा ठीक निघाली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळी नापास झाली. सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ‘आज ४०० कॅलरी जाळल्या’ असं वाचून जो माणूस संध्याकाळी दोन वडापाव जास्त खातो, त्याच्या पोटात वडापाव खरे असतात. जळालेल्या कॅलरीच तेवढ्या कागदावरच्या.

आणि ते दहा हजार पावलांचं व्रत! हा आकडा कुणा डॉक्टरने शोधलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच हा आकडा होता. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे १७ हजार वयस्क बायकांचा अभ्यास मांडला. सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा थबकला.

म्हणजे साठीपुढच्या तुमच्या आईला साडेचार हजार पावलांवर शाबासकी द्यायला हवी. घड्याळ तिला नापास करतं.

आता औंधकडे येऊ. पुण्याचं औंध नव्हे, साताऱ्याचं. खटाव तालुक्यातलं, एके काळी ७२ गावांच्या संस्थानाची राजधानी असलेलं. औंध, आटपाडी, कुंडल असं साताऱ्या-सांगलीत विखुरलेलं हे संस्थान नकाशावर शोधावंच लागायचं. पण शरीर कसं राखायचं या प्रश्नावर त्या चिमुकल्या मुलखाने जेवढा विचार केला, तेवढा मोठमोठ्या प्रांतांनी केला नाही.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ ते १९४७ इथले राजे होते. सूर्यनमस्काराचा राजा म्हणून आपण त्यांना ओळखतो. नमस्काराच्या आधी ते कशाच्या नादी होते, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

उपकरणांच्या!

त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाची जगभर चलती होती. पिळदार अंगाचे फोटो, पुस्तकं, डंबेल्स, टपालाने मिळणारा व्यायामाचा अभ्यासक्रम असा सगळा बाजार त्याने उभा केला होता. तरुण बाळासाहेबांनी त्याची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि कितीक वर्षं नेमाने व्यायाम केला. मग मिरजेच्या अधिपतींचं उदाहरण पाहून ते नमस्काराकडे वळले आणि पुन्हा मागे फिरले नाहीत.

सव्वाशे वर्षांपूर्वीचं सर्वांत झगमगीत फिटनेसचं सामान ज्याला सहज परवडत होतं, त्या माणसाने ते बाजूला ठेवलं. का? सतरंजीएवढी जागा, दहा अवस्था आणि स्वतःच्या शरीराचं वजन एवढ्यात काम भागतं, हे त्याला अनुभवाने पटलं म्हणून.

त्यांनी पुस्तक लिहिलं. इंग्रजी आवृत्ती लंडनहून १९३८ साली निघाली, आणि तिच्या शीर्षकात त्या दहा अवस्थांचाच हवाला होता. घरात राणीसाहेबांपासून मुलांपर्यंत सगळे नमस्कार घालायचे. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. राजाने नमस्कार वाड्यात कोंडून ठेवले नाहीत, ते संस्थानातल्या शाळांत नेले. मुलांनी आणि मुलींनी, सगळ्यांनी. रोज. मास्तरांसकट.

मोजदाद कशी व्हायची? सूर्याच्या नावांनी. मित्र, रवी, सूर्य, भानू असं एकेक नाव घ्यायचं आणि एकेक नमस्कार घालायचा. नावं संपली की आवर्तन पुरं झालं. चार्जिंगची गरज नाही, ॲपची नाही, आणि आकडा चुकला तर शेजारचा सांगतो.

आता तेच नमस्कार स्मार्टवॉच बांधून घाला. हात जमिनीला टेकले की मनगट मागे वाकतं आणि घड्याळाची कड हाताच्या पाठीत रुतते. सेन्सर कातडीवरून उचलला जातो, ठोक्यांचा आकडा भरकटतो. पाऊल पडत नाही म्हणून पावलं नाहीत. खोक्यावरच्या त्या शंभरात ‘योगा मोड’ असतो खरा, पण बहुतेक स्वस्त घड्याळांत तो वेळ मोजण्यापलीकडे फारसं काही करत नाही. नमस्कार घालणारा माणूस चौथ्या-पाचव्या नमस्काराला घड्याळ काढून ठेवतो.

औंधच्या व्यायामासाठी फिटनेसचं घड्याळ उतरवावं लागतं. यावर आणखी काय बोलायचं?

यंत्राला नावं ठेवणारा हा मुलूख नव्हे, हेही सांगायला हवं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं ते याच संस्थानाने. त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगर शेतात गेला. पण नांगराचं एक बरं होतं. तो चांगला की वाईट हे शेतकऱ्याला पहिल्याच तासात दिसायचं, माती उलटली की नाही ते समोर असायचं.

घड्याळाचा ‘ताणाचा स्कोअर ६२’ खरा की खोटा, हे कुठल्या शेतात बघायचं?

राजाचेही सगळे दावे मान डोलावून घ्यायचे नाहीत. नमस्काराने अमुक रोग जातो, तमुक रोग जातो, असं तेव्हा फार बोललं गेलं. पण तेव्हाचा महाराष्ट्र गप्प बसला नाही. आचार्य अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ नाटक लिहून या आरोग्यवेडाला भर रंगमंचावर टपल्या मारल्या, आणि प्रेक्षकांनी थिएटरं डोक्यावर घेतली. राजाचा छंद म्हणून कुणी भीड धरली नाही.

आज सिनेमातला नट ‘फिटनेस मोजा, आयुष्य बदला’ म्हणतो आणि आपण मुकाट्याने क्यूआर कोड स्कॅन करतो. राजाला प्रश्न विचारणारे आपण, कंपनीपुढे का मूग गिळून बसतो?

बरं, पैसे फक्त घड्याळाचेच जातात का? ॲप उघडलं की मोबाइल नंबर, वय, वजन, ठिकाण सगळं मागतं. बायकांकडे पाळीची तारीखही मागतं. खाली लांबलचक इंग्रजी मजकूर आणि ‘सहमत’ असं बटण. सहमत नसाल तर घड्याळ निम्मं कामच करत नाही. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, तरी तो मजकूर वाचणारा माणूस अजून दिसत नाही.

याच औंधच्या राजाने जानेवारी १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, स्वतःची सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावोगाव पंचायती आल्या, राजा नामधारी झाला. त्याच गावातला नातू आज आपण किती वाजता झोपलो, किती वेळा कूस बदलली, हा सगळा हिशेब न वाचता परक्याच्या हाती देतो.

आजोबांना मिळालेलं स्वराज्य नातू अंगठ्याने सोडून देतो.

झोपेचंच घ्या. घड्याळाला मेंदूतलं काही दिसत नाही. हालचाल आणि ठोके यांवरून ते झोपेचे टप्पे ठरवतं, आणि त्यात चुका होतात. तरी सकाळी उठून स्वतःला ‘बरं वाटतंय का’ असं विचारण्याऐवजी माणसं मनगटाला विचारतात. स्कोअर कमी दिसला की दिवसभर थकल्यासारखं वाटतं. झोपेच्या आकड्याची काळजी करून झोप उडालेले रुग्ण डॉक्टरांकडे येऊ लागल्याला आता वर्षं झाली.

आता न्यायाची बाजू. घड्याळ अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. २०२२ साली ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. अशी उपकरणं वापरणारे दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात असं त्यात दिसलं. हे थोडं नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला मनगटावरचा हलकासा धक्का उठवत असेल, तर त्याचं स्वागत आहे.

पण २०१६ चा पिट्सबर्गचा प्रयोगही शेजारी ठेवा. वजन कमी करू पाहणारे ४७१ तरुण आणि दोन वर्षांचा काळ. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन सारखंच, पण निम्म्यांना वर उपकरणही दिलं. उपकरणवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो घटलं. बाकीच्यांचं जवळजवळ सहा.

तराजू आणला म्हणून शेतात ज्वारी पिकत नाही.

आणि आता सगळ्यांत टोचणारा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली जगाची हालचाल मांडली. पुरेशी हालचाल न करणारे भारतीय प्रौढ २००० साली २२ टक्के होते, २०२२ मध्ये ते ४९ टक्क्यांवर गेले. बायकांत ५७ टक्के. याच काळाच्या अखेरीस भारत स्मार्टवॉचच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांत जाऊन बसला.

मोजणारे वाढले आणि हालणारे घटले. कुणाला याची लाज वाटते का?

२०२४ मध्ये घड्याळांचा खप सुमारे ३० टक्क्यांनी घसरला. पहिलं घड्याळ कपाटात पडल्यावर दुसरं कोण घेतो? कपाटातल्या त्या घड्याळांचा दोष लोकांच्या आळसाला देऊन मोकळं होता येईल. मी देणार नाही, कारण चालायचं कुठे हा प्रश्न त्या लोकांना कुणी विचारलेलाच नाही.

गळीत हंगामात पहाटे पाचला आमच्या भागातल्या रस्त्यावर उभं राहून बघा. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो. मागे दिवा नाही, रस्त्याला कडेची पट्टी नाही, आणि त्याच अंधारात पोलीस भरतीची पोरं-पोरी १६०० मीटर आणि ८०० मीटरची तयारी करतात. बहुतेकांच्या मनगटावर काहीच नसतं. मैदानावरच्या साहेबाच्या हातातलं स्टॉपवॉचच त्यांचं भवितव्य ठरवणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्या बिचाऱ्यांना पळायला धावपट्टी तरी द्या!

शेजारच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याच दुष्काळी मातीत पळाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली, दहावी आली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय बाई. अशी पोर या मातीत निघते, तर तिच्यामागून येणाऱ्या शंभर पोरींसाठी आपण काय बांधलं?

शाळेत पीटीचा तास वेळापत्रकात असतो. तो गणिताला जातो, विज्ञानाला जातो, परीक्षेच्या महिन्यात तर कुठे जातो ते कळतही नाही. मैदानावर नवी खोली उठते. रथसप्तमीला सामूहिक सूर्यनमस्काराचा फोटो निघतो, पाहुणे हार घेतात, दुसऱ्या दिवशी पोरं पुन्हा बाकावर.

वर्षातून एकदा नमस्कार घालून औंधचा वारसा टिकत नाही, फक्त बातमी छापून येते.

औंधच्या प्रयोगातली ग्यानबाची मेख इथे आहे. पंतांनी प्रजेला सामान विकलं नाही. शाळेतला वेळ दिला, अंगण दिलं, शिकवणारा माणूस दिला आणि स्वतः घाम गाळून दाखवला. त्यात सक्ती होती आणि ती आज चालणार नाही, चालूही नये. पण आरोग्य ही सगळ्यांनी मिळून सांभाळायची गोष्ट आहे, ही त्यामागची समज सोळा आणे खरी होती. आपण ती मोडली आणि अख्खी जबाबदारी एकेकट्याच्या मनगटावर बांधली. नाही चाललात? तुमचा दोष. रस्ता नव्हता? ॲपमध्ये त्याची नोंद नाही.

घड्याळ घ्यायचंच असेल तर घ्या, पण दुकानात चार गोष्टी मनाशी पक्क्या ठेवा. पावलं आणि बसल्याजागचे ठोके, एवढ्यापुरतंच त्याचं ऐका. रक्तदाब आणि साखर घड्याळाला विचारू नका. कॅलरीच्या आकड्यावर जेवणाचा हिशेब मांडू नका. छातीत दुखलं, दम लागला, तर घड्याळ काहीही म्हणो, दवाखाना गाठा.

घड्याळ नसेल तरी काही बिघडत नाही. आठवड्याला १५० मिनिटं जरा घाम येईल इतपत हालचाल करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटं होतात. नमस्कार घाला, चाला, पोहा, विहिरीवर जा, लेकरांबरोबर लगोरी खेळा. ज्यांच्या गुडघ्याला किंवा कमरेला त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा आणि मग वाका.

आणि एक काम सगळ्यांनी मिळून करा. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. झेंडावंदन झालं की बहुतेक जण जिलेबी घेऊन घरी जातात. या वेळी थांबा, आणि तीन मागण्या इतिवृत्तात लिहून घ्या. शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ गावाला खुलं करा. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नका. गावाबाहेरच्या रस्त्याच्या एका कडेला चालायची पट्टी आणि चार दिवे लावा. पुढच्या सभेत सरपंचांना विचारा, झालं का?

घड्याळ दर तासाला आपल्याला उठवतं. पंचायतीला उठवायचं काम आपलंच आहे.